गळाने मासे धरताना: पाण्यात पडायच्या आधी उरकायची कामं

कातळकाठ

रीळ, तंगूस (गळाची नायलॉन दोरी), आमिष यांवर इथे पुष्कळ लिहिलं गेलंय. काठावरून पाण्यात गेलेला माणूस जिवंत बाहेर कसा येईल, यावर मात्र सलग असं काही नाही. म्हणून हा धागा. खडक, नदी, होडी, रात्र, ज्याला जे नीट ठाऊक आहे त्याने ते आकड्यांसकट लिहावं.

सुरुवात माझ्याकडून. १५ अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की काय होतं ते १-१०-१ असं लक्षात ठेवतात. पहिलं मिनिट श्वासाचं. कातडीला गारठा लागताच आपोआप मोठी धाप लागते आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर बोटं वळत नाहीत, पकड सुटते. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो, पण तोवर डोकं वर ठेवणारं काही अंगावर असेल तरच. बहुतेक माणसं थंडीने शरीराचं तापमान उतरण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन टप्प्यांतच बुडतात.

यातून एक गोष्ट निघते आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे. लाइफ जॅकेटची बक्कल, वेडर्सचा (पाण्यात उभं राहायला घालतात त्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीचा) पट्टा, शिट्टी, फोनची दोरी, परतीची वाट हे सगळं कोरड्यावर असताना उरकलेलं हवं. पाण्यात पडल्यावर करू म्हणून ठेवलेलं काम होत नाही.

पडलात तर पहिलं मिनिटभर पोहायच्या फंदात पडू नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हात बाजूला पसरून हलकेच हलवा, आणि धाप बसेपर्यंत उताणे तरंगत राहा. मग बाहेर कसं पडायचं ते बघा. पाणी कोमट असलं तरी हेच करायचं. तिथे गारठ्याचा झटका नसतो, पण भिजलेले कपडे आणि घाबरून मारलेले हातपाय माणसाला तितक्याच लवकर थकवतात.

नवीन_गळ

कातळकाठ दादा, एक शंका. जॅकेट घ्यायचं तर नेमकं कोणतं? फोमचं जाडजूड घालून गळ फेकता येत नाही. पातळ, आपोआप फुगणारी असतात त्यांच्यावर भरवसा ठेवावा का?

तंगूस

जॅकेटची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५०, १००, १५० आणि २७५ असे टप्पे आहेत. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोचा उचल. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर राहायला ४-५ किलोचा उचल पुरतो, म्हणून ५० न्यूटनचं जॅकेटही तरंगवतं. पण ते पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि काठाजवळ मदत मिळेल अशा माणसासाठी आहे. बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवणं त्याचं काम नाही. १०० न्यूटन आडोशाच्या पाण्यासाठी. खुल्या समुद्रावर किंवा खडकावर १५०. बहुतेक वेळा ते माणसाला उताणं करतं. २७५ हे जड कपडे आणि अवजारं अंगावर असलेल्यांसाठी.

फुगणाऱ्यावर भरवसा ठेवा, पण त्याची निगा राखा. आत कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते, १५० न्यूटनला बहुधा ३३ ग्रॅमची. आपोआप फुगणाऱ्या साध्या प्रकारात पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुई नळकांडीला भोक पाडते. बिघाड ठरावीक जागीच होतात.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे नळकांडी आट्यांमधून सैल झालेली असणं. वाहतुकीच्या हादऱ्यांनी ती हळूहळू फिरते. प्रत्येक खेपेच्या आधी हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. दुसरं, नळकांडी रिकामी असू शकते. वापरलेलीच परत बसवलेली असते आणि बाहेरून कळत नाही. काढून तोंड बघा, भोक नसावं. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. तिच्यावर किमान वजन कोरलेलं असतं, त्यापेक्षा कमी भरली तर बाद. तिसरी गोळी. तिच्यावर तारीख असते आणि ती साधारण ३ वर्षांनी बदलायची असते. ओलसर जागी ठेवलं तर त्याआधीच खराब होते.

पिशवीची तपासणी वर्षातून एकदा. तोंडाच्या नळीने टणक फुगवा, २४ तास ठेवा. मऊ पडली तर कुठेतरी गळती आहे. हवा काढताना नळीचं टोपण उलटं करून झडपेवर दाबायचं. पेन्सिल किंवा काडी खुपसली की झडप जाते.

आणि हे जॅकेट नेहमी सगळ्या कपड्यांच्या वर. रेनकोटच्या आत घालून चेन लावली आणि ते फुगलं तर बाहेर जायला जागा नसते. सगळा दाब छातीवर येतो आणि श्वास घेता येत नाही.

संथ_डोह

तंगूस यांच्या प्रतिसादात एक भर. मांड्यांमधून जाणारा पट्टा बहुतेक लोक गुंडाळून आत खुपसतात. तो लावला नाही तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्यात खाली लोंबतो. हनुवटी जॅकेटच्या आत, तोंड पाण्याच्या रेषेवर. १५० न्यूटन असूनही उपयोग शून्य. कमरेचा पट्टाही असा हवा की आत फक्त मूठ मावेल.

सतत फवारे अंगावर येणाऱ्या खडकावर किंवा धो धो पावसात गोळीवाल्या प्रकाराने नको तेव्हा फुगण्याची शक्यता असते. तिथे पाण्याच्या दाबाने चालणारा प्रकार बरा. तो फवाऱ्याने सुटत नाही, प्रत्यक्ष बुडाल्यावरच सुटतो. निव्वळ हाताने ओढायचा प्रकार मी एकट्याने मासे धरणाऱ्याला सुचवणार नाही. डोकं खडकावर आपटलं तर दोरी ओढणार कोण?

उधाण_भांग

आता खडक आणि समुद्र. इथे माणसं पाण्यात उतरत नाहीत, पाणीच त्यांना न्यायला येतं.

हवामानाच्या अंदाजात लाटेची जी उंची देतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. लाटांमधलं अंतर १० सेकंद धरलं तर तासाला ३६० आणि ३ तासांत हजारावर लाटा येतात. त्यांतली सर्वांत मोठी अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणजे अंदाज १.५ मीटर असेल तर ३ तास बसणाऱ्याने ३ मीटरच्या एका लाटेची तयारी ठेवायची. त्या एका लाटेसाठी कुठे उभं राहायचं, हाच खरा प्रश्न.

सेकंदांकडेही बघा. १.५ मीटरची ६ सेकंदांची लाट आणि १.५ मीटरचा १४ सेकंदांचा स्वेल (दुरून आलेली लांब लाट) हे वेगळे प्राणी आहेत. लांब अंतराच्या लाटेत पाणी कितीतरी जास्त असतं आणि ते कातळावर वरपर्यंत चढत जातं. वारा पडलेला, ऊन छान, समुद्र सपाट दिसतोय आणि दर पाऊण तासाने मोठ्या लाटांची एक झुंड येते. फसवणारा दिवस हाच.

म्हणून पोचल्यावर सामान न सोडता उंचावर उभं राहून किमान २० मिनिटं नुसतं पाहायचं. पाणी कुठवर येतं, परतताना कुठल्या घळीतून ओढतं. ज्या जागी उभं राहणार तो दगड ओला आहे की कोरडा? ओला असेल तर तिथे पाणी येऊन गेलंय. काळं, चकचकीत शेवाळ दिसलं तर तिथे नेहमीच येतं. जिथे शिंपल्या-कालवं चिकटलेली आहेत तो पट्टा तर भरतीला पाण्याखालीच असतो.

समुद्राकडे पाठ नको. आमिष लावताना, गाठ मारताना, मासा सोडवताना माणूस पाठ फिरवतो. ही कामं वर, मागे जाऊन करा. मासा खालच्या टप्प्यावर अडकला तर त्याच्यासाठी खाली उतरू नका. लांब दांड्याचं हातजाळं नसेल तर तंगूस तोडा.

नवीन_गळ

भरतीचं गणित कोणी सोपं करून सांगेल का? वेळापत्रकात फक्त पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटीची वेळ असते.

उधाण_भांग

बाराव्या भागाचा नियम. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण ६ तास धरा. एकूण चढणाऱ्या पाण्याचे १२ भाग करा. पहिल्या तासात १ भाग चढतो, मग २, ३, ३, २ आणि शेवटच्या तासात १.

समजा एकूण चढ ४ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी फक्त ३३ सेंटिमीटर वर येतं. तेवढ्याने कोणी हलत नाही. दुसऱ्या तासात ६७. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला पूर्ण १ मीटर, म्हणजे गुडघ्याइतकं पाणी अर्ध्या तासात. माणसं अडकतात ती याच दोन तासांत, कारण पहिल्या तासाच्या संथपणावरून त्यांनी पुढचा अंदाज बांधलेला असतो.

दुसरी चूक पायाखालची पातळी बघण्याची. परतीच्या वाटेवरची सर्वांत खोलगट जागा बघा. तुमचा खडक उंच असेल, पण मागचा चर आधी भरतो आणि खडकाचं बेट होतं. येतानाच त्या चराच्या तळाशी थांबून एखादी खूण ठरवा. तिला पाणी लागलं की उठायचं, मासा लागत असला तरी. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या १-२ दिवसांत उधाण मोठं असतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. हा नियम सर्वसाधारण किनाऱ्याचा आहे. खाडीच्या तोंडाशी आणि चिंचोळ्या जागी पाण्याचं वागणं वेगळं असतं. वारा किनाऱ्याकडे असेल तर पाणी वेळापत्रकापेक्षा वर चढतं.

खडकावरून पडलातच तर लगेच चढायचा प्रयत्न नको. पुढची लाट कातळावर आपटते. आधी फेसाच्या पट्ट्यातून बाहेर, समुद्राकडे सरका. तिथे उताणे तरंगा आणि झुंड जाऊ द्या. उतरता, कमी फेसाचा भाग शोधा. तो नसेल तर बाहेरच थांबा. जॅकेट घालण्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच, की थांबता येतं.

डोंगरवाट

नदीत वेडर्स घालून उतरणाऱ्यांना माझा सल्ला: वेडर्समध्ये पाणी भरलं की ते दगडासारखे खाली ओढतात, तेव्हा पडल्याबरोबर काढून टाका. छोटी सुरी गळ्यात ठेवा.

संथ_डोह

डोंगरवाट, हा समज जुना आहे आणि घातक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वेडर्समध्ये भरलेलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड असतं, त्यामुळे पाण्यात असेपर्यंत ते खाली ओढत नाही. ओझं जाणवतं ते बाहेर चढताना. तेव्हा ते खरंच खूप असतं, आणि भरलेल्या पायांनी पोहणंही अवघड होतं. पण वाहत्या पाण्यात वेडर्स काढायला गेलात तर ते घोट्यापाशी अडकतात, दोन्ही पाय बांधल्यासारखे होतात आणि ती मोलाची १० मिनिटं संपतात. काढू नका.

कमरेला रुंद पट्टा घट्ट आवळा, बरगड्यांच्या खाली. पडल्यावर आत पाणी शिरायचा वेग त्याने खूप कमी होतो आणि पायांमधली थोडी हवा अडकून राहते. पट्टा नसेल तर पाण्यात उतरू नये, इतकं हे सोपं आहे. बाहेर येताना उथळात आल्यावर पालथे होऊन चारी पायांवर सरका, काठावर पाय वर करून पाणी निथळू द्या, मग उभे राहा.

नदीतल्या जोराचं गणित: पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो. त्यामुळे संथ पाण्यात कमरेइतकं चालतं, जोराच्या पाण्यात गुडघ्याच्या वर नको. ओलांडताना अंग प्रवाहाला आडवं न धरता बाजूने धरा, रुंदी कमी लागते. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा एक पाय. पाय सरकवत न्या, एकमेकांवरून ओलांडू नका. जमलं तर किंचित खालच्या दिशेने तिरके जा. पाण्याशी भांडत वर जायचं नाही. परत फिरावंसं वाटलं तर गिरकी न घेता तसेच कडेकडेने मागे या. बुटाच्या तळाची नायलॉन-लोकर शेवाळी दगडावर चांगली धरते, चिखलात आणि ओल्या गवतावर घसरते. खिळेवाला रबरी तळ उलट.

वाहून जायला लागलात तर उताणे, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्यावर. पाय पाण्याच्या वर ठेवायचं कारण असं की जोराच्या पाण्यात उभं राहायला गेलं आणि पाऊल दोन दगडांत अडकलं की प्रवाह अंगाला पुढे लोटून तोंड खाली दाबतो, आणि मग कंबरभर पाण्यातही माणूस बुडतो. पाणी संथ होईस्तोवर उभे राहू नका. फक्त एका ठिकाणी हा नियम उलटा. पुढे पाण्यात पडलेलं झाड दिसलं आणि ते चुकवता येत नसेल, तर पालथे व्हा, डोकं पुढे करून जोरात त्याच्याकडे पोहा आणि छाती फांद्यांवर चढवा. पाय पुढे ठेवून गेलात तर पाणी तुम्हाला फांद्यांखाली ढकलेल, जिथून फक्त पाणीच पलीकडे जातं.

तंगूस

बंधाऱ्यांबद्दल संथ डोह ताईंनी लिहायला हवं होतं, पण मीच लिहितो. लांबीभर सारखं पाणी सांडणारा ठेंगणा बंधारा दिसायला गोड असतो. खाली पडणारं पाणी तळाला जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरून परत बंधाऱ्याकडेच वळतं. त्यात गेलेली वस्तू फिरत राहते. शिवाय फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की जॅकेटही नेहमीइतकं उचलत नाही. खालचा फेस ज्या रेषेपर्यंत बंधाऱ्याकडे ओढला जातो, तिच्या बरंच खाली राहा.

धरणाखालच्या पात्रात पाणी सोडतात ते ऊन असतानाही. काठाशी एक काडी रोवा आणि दर १० मिनिटांनी बघा. काडीला पाणी चढलं, पाणी गढूळलं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान आवरत बसू नका. भोंग्याची वाट तर अजिबात नको. पात्रातल्या बेटावर बसणं टाळा, मग काडीची गरजही कमी लागते.

प्राणवायू

कोणी बुडताना दिसला तर काय, हे अजून आलं नाही. क्रम ठरलेला आहे: हाक मारा, लांबवा, फेका, होडी न्या. उडी मारणं यात नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो, आणि एकाऐवजी दोघं जातात.

लांबवायला हातजाळ्याचा दांडा, फांदी, पंचा. गळाची काठी टोकाकडे मोडते, आणि तंगूस ओल्या हातात धरताच येत नाही. आधी आडवे व्हा किंवा बसा, मग लांबवा. फेकायला १५ ते २० मीटर तरंगणाऱ्या दोराची थैली सगळ्यात चांगली. एक टोक हातात, थैली माणसाच्या डोक्यापलीकडे, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडेल. वाहत्या पाण्यात तो दोराच्या टोकाला झुलत आपोआप काठाला लागतो, तुम्ही बसून टाचा रोवा. दोर स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला कधीही बांधू नका. थैली नसेल तर ५ लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, दोर बांधलेला. फेकताना वाऱ्याने उडू नये म्हणून आत तांब्याभर पाणी ठेवा. तरीही त्याचा उचल ४ किलोच्या आसपास राहतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, पाणी काढत बसणं यातलं काहीही करू नका. पोटातलं पाणी त्याला मारत नाही, ऑक्सिजनची कमतरता मारते. पोट दाबल्यावर उलटी होऊन ती फुफ्फुसात जाते. श्वास चालत नसेल किंवा आचके देत असेल तर उताणं झोपवा, डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा, तोंडाने श्वास द्या. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीला ५ श्वास आहेत, अमेरिकेतल्या २. मग छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि २ श्वास. मदत येईपर्यंत हेच चक्र. दुसऱ्या माणसाला पहिल्याच मिनिटाला फोन करायला लावा. तोंडातून फेस येत राहिला तर तो पुसत बसू नका, श्वास देत राहा.

शुद्धीवर आला, बोलू लागला तरी खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर दवाखान्यात न्या. त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो.

डोंगरवाट

वेडर्सचं मान्य, दुरुस्ती चांगली केलीत ताई. माझा पहिला प्रतिसाद कोणी पाळू नये. विजेचं मी लिहितो. कार्बन फायबरची काठी वीज वाहून नेते आणि तुम्ही ती उघड्यावर डोक्याच्या वर धरलेली असते. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. काठी आडवी ठेवा आणि पाण्यापासून दूर, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून काठी जोडतानाच ३० मीटर लांब राहा. स्पर्श व्हायची गरज नसते, उच्च दाबाची वीज हवेतून उडी मारते. ओलं तंगूसही चालतं तिला. चालत जागा बदलताना काठी उभी धरण्याची सवय सोडा.

कातळकाठ

होडीबद्दल थोडक्यात. नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे पुढून टाका. मागून टाकला तर सपाट, बुटक्या बाजूवर पाणी चढतं आणि होडी मिनिटात भरते. दोर खोलीच्या ५ ते ७ पट, नाहीतर नांगर तळ धरत नाही. इंजिन असेल तर ते बंद करणारी दोरी स्वतःला जोडलेली हवी, नाहीतर पडलेल्या माणसाभोवती होडी फिरत राहते. लघवीसाठी कडेला उभं राहू नका, डबा ठेवा. उलटली तर होडी सोडून काठाकडे निघू नका, जमेल तितकं तिच्यावर चढा. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढतं, आणि शोधणाऱ्याला होडी दिसते, डोकं दिसत नाही.

अडकलेलं शिसं सोडवताना काठी वाकवून स्वतःकडे झटका देऊ नका. ते सुटून गोळीसारखं तोंडावर येतं. काठी सरळ रोखा, तंगूस एखाद्या लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा (वेणीचा दोर हाताला गुंडाळला तर बोट कापतो), तोंड फिरवा आणि मागे चालत जा. चष्मा कायम. गळ बोटात रुतला तर दवाखान्यात जाऊन काढा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. डोळ्याजवळचा गळ हलवूही नका.

नवीन_गळ

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका. ७ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचंय. तिचं जॅकेट बरोबर बसतंय हे कोरड्यावर कसं ओळखायचं?

संथ_डोह

आकार वजनावरून घ्या, वयावरून नको. "पुढे होईल" म्हणून मोठं तर मुळीच नको. फोमचं, मागे कॉलर असलेलं, वर पकडायला पट्टी असलेलं आणि मांड्यांचा पट्टा असलेलं. सगळे पट्टे लावा, तिला हात वर करायला सांगा आणि दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. हनुवटी किंवा कान आत गेले तर ते मोठं आहे किंवा पट्टे सैल आहेत. मग पोहता येण्याजोग्या उथळ पाण्यात तुम्ही शेजारी उभं राहून तिला त्यात तरंगू द्या. जॅकेट एकदाही न अनुभवलेलं मूल पाण्यात घाबरून पालथं व्हायला बघतं. काठावर ती तुमच्या हाताच्या अंतरात हवी, म्हणजे त्या दिवशी एकच काठी आणि तीही तिच्या हातात. शिट्टी तिच्या जॅकेटला बांधा आणि वाजवायची कधी ते आधी ठरवून घ्या.

नवीन_गळ

आत्ताच उचलून पाहिलं. कान आत जातात. एक माप लहान घेतो.